चौदा हजारांचा लॅपटॉप, आतून टॅब

प्रश्न : ताई, माझी मुलगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. लॅपटॉपसाठी १८ हजार बाजूला काढले आहेत, फार झालं तर २० होतील. बर्डीवर गेलो तर दुकानदार म्हणून राहिला की हा १४ हजारांचा घ्या, याच्यात अँड्रॉइड आहे, फोनसारखाच चालते, हँग होत नाही, व्हायरस लागत नाही. त्याच दुकानात विंडोजवाला २० हजारांचा होता, तर तो सुरू व्हायलाच इतका वेळ लागला की मुलगी कंटाळून बाजूला झाली. माझा भाऊ म्हणते, हा लॅपटॉप नाहीच, टॅबला कीबोर्ड चिकटवला आहे, फसू नको. मुलीला तो हलका म्हणून आवडला आहे. चार हजार वाचले तर आमचे बरेच खर्च निघतात. काय करावं?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. तो १४ हजारांचा अँड्रॉइडवाला घेऊ नका. आणि त्याच्या शेजारी ठेवलेला २० हजारांचा विंडोजवालाही घेऊ नका. तुमच्या पैशांत तिसरी वस्तू येते, तिच्याबद्दल पुढे सांगते.

तुमचा भाऊ आणि तो दुकानदार, दोघंही अर्धं अर्धं खरं बोलले आहेत.

दुकानदाराचं अर्धं असं. अँड्रॉइड मुळात फोनसाठी बनलं. त्यावरचा पहिला फोन २००८ साली आला, तेव्हा फोनमध्ये मेमरी जेमतेम असायची. त्यामुळे या सिस्टिमचा स्वभावच काटकसरीचा आहे. समोर असलेलं ॲप जागं ठेवायचं, मागे गेलेल्याला झोपवायचं, आणि जागा कमी पडली की न विचारता बंद करायचं. म्हणून ते ४ जीबी रॅमवरही भराभर चालतं. विंडोजवर तुम्ही पाच प्रोग्रॅम उघडले, तर तुम्ही बंद करेपर्यंत पाचही चालू राहतात, आणि त्याला जागा लागते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण सांगितली आहे. त्या 'कमीत कमी'वर बोट ठेवून हे स्वस्त लॅपटॉप विकले जातात. माझ्या क्लासमध्ये असा एक आहे. सुरू केला, काहीही उघडलं नाही आणि टास्क मॅनेजर पाहिला, तर अर्ध्याहून जास्त रॅम आधीच भरलेली असते. ६४ जीबी म्हणून घेतलेली जागा मशीनवर ५९च्या आसपास दिसते. त्यातली मोठी वाटणी विंडोजची, मग ऑफिस, आणि मोठं अपडेट आलं की जागा अपुरी असल्याची पाटी. पुढे वाढवून घेऊ म्हणावं, तर यात रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेली. म्हणजे अँड्रॉइड नको म्हणून हा घेतला, तर आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखं.

व्हायरसबद्दलही दुकानदार बराचसा बरोबर आहे. टॅबच्या सिस्टिममध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं, एकाला दुसऱ्याच्या सामानाला सहजासहजी हात लावता येत नाही. पण त्याच बंद दारांची दुसरी बाजू मी यंदा मार्चमध्ये डोळ्यांनी पाहिली.

सक्करदऱ्यात २००४ पासून माझा कॉम्प्युटर क्लास आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास एक मुलगी आली, कॉमर्सचीच, हातात असाच हलका, सुंदर अँड्रॉइड लॅपटॉप. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायचा होता. घरी तिच्या ॲपमध्ये ४२ पानं व्यवस्थित दिसत होती. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याने ती फाइल त्याच्या वर्डमध्ये उघडली तर ४७ पानं झाली. ताळेबंदाचा तक्ता मधोमध तुटून दोन पानांवर गेला, अनुक्रमणिकेतले सगळे आकडे चुकले. आणि कॉलेजने दिलेलं प्रमाणपत्राचं पान जुन्या मराठी फॉन्टमधलं होतं. तिच्या स्क्रीनवर 'प्रमाणपत्र' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांवर टोप्या, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह, मध्येच पौंडाची खूण. माझ्या डेस्कटॉपवर तो फॉन्ट बसवायला एक मिनिट लागलं : फाइलवर उजवं बटण, इन्स्टॉल, संपलं. तिच्या ॲपमध्ये तो बसवायची जागा आम्हा दोघींना सापडली नाही.

मी विचारलं, "मूळ फाइल कुठे सेव्ह केली आहेस?"

ती म्हणाली, "ॲपमध्ये."

"ॲपमध्ये म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये?"

तिला प्रश्नच कळला नाही. हुशार मुलगी, शाळेत पहिल्या पाचांतली. पण आपलं काम कुठे ठेवलं आहे, हे तिला कधी बघावंच लागलं नव्हतं. ॲप उघडलं की फाइल समोर असायची, एवढंच. साडेनऊपर्यंत ती माझ्या मशीनवर बसून तक्ते जुळवत होती आणि तिचे बाबा खाली गाडीवर वाट पाहत होते. ताई, तुम्हाला उत्तर लिहायला बसले तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

तुम्ही शिवणकाम करता म्हणून असं सांगते. पिको-फॉलचं मशीन चांगलं की वाईट, असं तुम्ही विचारणार नाही. त्या कामाला ते उत्तमच आहे. पण अस्तराचा ब्लाउज शिवायला तुम्ही त्यावर बसणार नाही. आणि कोणी शिलाई मशीन सांगून तुम्हाला पिकोचं विकलं, तर तुम्ही पहिल्या दिवशीच ओळखाल. लॅपटॉपचं तसं होत नाही, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

या एका सारखेपणाने मोठ्या कंपनीचाही हात पोळलेला आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी नावाचा टॅब आणला. दिसायला विंडोज, नावात विंडोज, पण विंडोजची जुनी सॉफ्टवेअर त्यावर बसत नव्हती. लोकांनी विंडोज दिसलं म्हणून विंडोजची अपेक्षा धरली, आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्यापायी ९० कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवावा लागला.

आता तुमच्या मुलीचं काम बघू. बी.कॉम. म्हटलं की आज ना उद्या टॅली येणार. टॅलीप्राइम विंडोजवर बसणारं सॉफ्टवेअर आहे, अँड्रॉइडवर ते बसत नाही. आणि टॅली शिकणं म्हणजे बोटं शिकवणं : एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. इतवारीतला मुनीम स्क्रीनकडे न बघता ही बटणं दाबतो. क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या क्रोमओएस सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, तर वरच्या रांगेत बहुधा ही बटणं लिहिलेलीच नसतात, तिथे मागे जा, ताजं करा, असली चिन्हं असतात. एक्सेलचंही तसंच. ॲपमध्ये बेरजा-सरासऱ्या होतात, पण फोन-टॅबच्या एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेले आपोआप काम करणारे हुकूम, चालत नाहीत, आणि अकाउंट्सच्या ऑफिसांत मॅक्रो भरलेल्या फाइली सर्रास फिरतात.

शिवाय एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टची वर्ड-एक्सेलची मोबाइल ॲप १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर फुकटात फाइल बदलू देतात. स्क्रीन त्याहून मोठी असली की बदल करायला वर्गणी भरावी लागते. लॅपटॉपची स्क्रीन ११.६ इंच असली तरी ती मर्यादेबाहेर. ब्राउझरमधलं फुकट वर्ड किंवा गूगल डॉक्स वापरता येतं, त्यावर चांगलं कामही होतं, पण मग इंटरनेट नीट हवं. वाचवलेले चार हजार असे हळूहळू निघून जातात.

आणि टायपिंग. उद्या तिने लिपिक-टंकलेखकाची परीक्षा द्यायची म्हटलं तर मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० लागतो. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आत दिलेला असतो. २०१९च्या अपडेटपासून तर इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटवणारा फोनेटिकही आला आहे. घरी रोज अर्धा तास सराव करायला दुसरं काही लागत नाही.

तुम्हाला वाटेल, टॅबची सिस्टिम इतकी अपुरी असेल तर सरकारी योजनांत टॅब का देतात? आपल्या नागपुरात मुख्यालय असलेली 'महाज्योती' जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी विद्यार्थ्यांना टॅब देते, आणि ते अगदी बरोबर आहे. त्या मुलांना तास ऐकायचे असतात, नोट्स वाचायच्या असतात, सराव परीक्षा सोडवायच्या असतात. माझ्या गल्लीतला एक मुलगा दोन वर्षं त्या टॅबवर शिकला. त्याला लॅपटॉप दिला असता तर चार्जर शोधण्यातच त्याचा वेळ गेला असता. तुमच्या मुलीला मात्र कागद तयार करून दुसऱ्याच्या हाती द्यायचे आहेत. तो कागद दुसऱ्याच्या मशीनवर जसाच्या तसा उघडला पाहिजे, आणि तिथेच हे स्वस्त अँड्रॉइड लॅपटॉप आज तिला अडवतील.

असे लॅपटॉप पुढे वाढणार आहेत. जिओबुक २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलं, आत ४जी सिमची सोय, वजन एक किलोच्या आत. प्राइमबुकही अँड्रॉइडवरच बेतलेलं आहे. क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र करत असल्याचं गूगलने २०२५ मध्ये सांगितलं, आणि त्याच वर्षी ॲपलने आयपॅडच्या सिस्टिममध्ये लॅपटॉपसारख्या खिडक्या दिल्या. दोन-चार वर्षांनी कदाचित मी वेगळं उत्तर देईन. पण तुमच्या मुलीची परीक्षा या सेमिस्टरची आहे.

तर ती तिसरी वस्तू. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप बदलतात, ते सर्व्हिस होऊन बाजारात येतात. बर्डीवरच मिळतात, 'रिफर्बिश्ड' म्हणून मागा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही ऑफिसातली मजबूत घराणी आहेत. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचे (एसएसडी म्हणजे साठवणीची वेगवान डिस्क) मी विद्यार्थ्यांसाठी १८ ते २२ हजारांत घेऊन दिले आहेत. १८वर अडून बसा, मिळतो. यात बहुतेकांची एसएसडी बदलता येते, पुष्कळांची रॅमही वाढवता येते.

घेताना प्रोसेसरचं नाव वाचायला लावा. आय५ नंतरच्या रेघेपुढचा पहिला आकडा बघायचा, तो १ असेल तर पहिले दोन. आय५-८२५०यू म्हणजे आठव्या पिढीचा. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच घ्या, कारण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच बसतं. सहाव्या-सातव्या पिढीचे ढीगभर लॅपटॉप सध्या स्वस्तात निघत आहेत. दुकानदार त्यावर ११ बसवूनही दाखवेल, पण मोहात पडू नका.

मग बॅटरी. नागपूरचा उन्हाळा बॅटरीला माणसापेक्षा जास्त बाधतो. दुकानात कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगा, पॉवरसीएफजी लिहून एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). एक पान तयार होतं. त्यात बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. आजची निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी टाकून मागा, नाहीतर किंमत कमी करून घ्या. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ लावून बसा, दुकानदाराला घाई असली तरी. बिजागरी चार वेळा उघडमीट करा, सगळी बटणं दाबून बघा. पक्कं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

यात एक खरं नुकसान आहे. असला लॅपटॉप दीड किलोच्या पुढे जातो, चार्जर वेगळा. 'आपली बस'च्या गर्दीत उभं राहून तो खांद्यावर न्यायचा म्हणजे जड होतं. अँड्रॉइडवाला दिवसभर बॅटरीवर राहिला असता, हा तीन-साडेतीन तास. मुलीला हे आधीच सांगा. रोज न्यायची गरजही नाही, तास असेल त्याच दिवशी न्यावा. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डिक्कीत कधीही ठेवू नका.

घेतल्यावर पहिल्या रविवारी तिला घेऊन या. एक तास फोल्डर, फाइल, पेन ड्राइव्ह आणि पीडीएफ एवढंच करू. क्लासची फी नको.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त, वय ७१. फोनवर अक्षरं बारीक दिसतात. नोकरीतल्या आठवणी मराठीत लिहून काढायच्या आहेत. बातम्या, भजनं, अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढाच वापर. मुलगा म्हणतो विंडोज घ्या, मला ते जमत नाही. अँड्रॉइडवाला लॅपटॉप चालेल का?
— एक वाचक, अजनी

उत्तर : काका, तुम्ही जरूर घ्या. वरच्या ताईंना नको म्हटलं तोच प्रकार तुमच्या हाताला बसेल. फोनवर जी चिन्हं तुम्ही ओळखता तीच इथे मोठी दिसतील, आणि चुकून काही दाबलं तरी बिघडायची भीती कमी.

आठवणी लिहायला बोटांपेक्षा आवाज वापरा. गूगलचं मराठी बोलून लिहिणं २०१७ पासून आहे आणि आता चांगलं सुधारलं आहे. फक्त पैसे देण्याआधी दुकानातच मराठी भाषा निवडा, माइक दाबा आणि तुमच्या आवाजात एक पूर्ण वाक्य बोला. "अजनी लोकोशेडला रात्रपाळी होती," असं काहीही. ते स्क्रीनवर नीट उमटलं तर घ्या. काही मशीनचा माइक फार अशक्त असतो आणि ते घरी आल्यावरच कळतं. लिखाण गूगल डॉक्समध्ये करा म्हणजे ते आपोआप जपलं जाईल, आणि महिन्यातून एकदा पीडीएफ करून मुलाला मेल करत जा.

सिस्टिमची सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे लेखी विचारा. क्रोमबुकला गूगल १० वर्षं देतं, पण ती मोजणी ते मॉडेल ज्या हार्डवेअरवर आहे ते बाजारात आल्यापासून होते, तुमच्या खरेदीपासून नाही. त्यामुळे जुना पडून असलेला माल घेऊ नका. छोट्या कंपनीचा अँड्रॉइड लॅपटॉप असेल तर अपडेट त्या कंपनीच्या मर्जीवर. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून करता ना? तो पूर्वीसारखा फोनवरच करा, लॅपटॉपच्या भरवशावर ठेवू नका.

प्रश्न : इतवारीत आमचं किराणा होलसेल आहे. दुकानातला २०१६ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०. पोट्टं म्हणते यावर क्रोमओएस फ्लेक्स टाकू, फुकट आहे, नव्यासारखा पळेल. टाकू का?
— एक व्यापारी, इतवारी

उत्तर : भाऊ, बिलं टॅलीत असतील तर टाकू नका. क्रोमओएस फ्लेक्स २०२२ पासून फुकट मिळतं आणि जुन्या मशीनमध्ये खरंच जीव आणतं, पण त्यावर टॅली बसणार नाही. अँड्रॉइडची प्ले स्टोअरवरची ॲपही चालत नाहीत, पोट्ट्याला हे माहीत नसावं. आणि ते टाकताना आतलं सगळं पुसलं जातं, वर्षांची खाती त्यात गेली तर परत येत नाहीत.

आज दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो घरी न्या. दुकानासाठी वर सांगितलेला आठव्या पिढीचा लॅपटॉप बघा. जीएसटीचं रिटर्न तुम्ही ओटीपीने भरत असाल, तर डिजिटल सहीच्या टोकनची कटकट तुम्हाला नाही. फर्म कंपनी किंवा एलएलपी असेल तर ते टोकन नव्या मशीनवर लावून, एकदा सही करून बघा, मगच जुनं काढा.

जुना लॅपटॉप मग पोट्ट्याला द्या. त्यावर फ्लेक्स टाकून तो खुशाल शिकू दे.